काळं वावर आणि पळसाचा केशरी: गावात राहून वीस प्रिंटची मर्यादित आवृत्ती काढताना

एका चित्राच्या वीस सारख्या प्रिंट काढायच्या, त्यांना क्रमांक द्यायचे आणि एकविसावी कधीच काढायची नाही, एवढंच हे काम. लिनोकट (लिनोलियमच्या पत्र्यावर कोरलेला ठसा) किंवा लाकडी ठशाची आवृत्ती पूर्ण झाली की ठशावर आडवी रेघ खोदून तो रद्द करतात. पुन्हा कुणी छापलं तर ती रेघ उमटते. माझ्या प्रिंट मात्र कॅनव्हासवरच्या अॅक्रिलिक चित्राचा फोटो काढून त्या डिजिटल फाइलवरून छापलेल्या. फाइलला अशी रेघ मारता येत नाही. ती झिजतही नाही. त्यामुळे इथे मर्यादा टिकते ती फक्त चित्रकाराच्या शब्दावर आणि त्या शब्दामागे ठेवलेल्या कागदपत्रांवर. वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातल्या गावात राहून मार्च २०२५ ते जानेवारी २०२६ या काळात अशी एक आवृत्ती पूर्ण केली. प्रिंट छापून देणारी प्रयोगशाळा शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, भाड्याचा कॅमेरा तिथूनच, पोस्ट तालुक्याला. अशा ठिकाणाहून हे करू पाहणाऱ्यांना कुठे किती वेळ आणि पैसा लागतो हे आधी कळावं, म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे.

चित्राचा विषय साधा: पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) काढून नांगरलेलं काळं वावर आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फुललेला पळस. आपल्याकडे पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो आणि पानं झडलेली असल्यामुळे फांदीवर निव्वळ केशरी दिसतो. सकाळी साडेसात ते नऊ ही वेळ. त्यानंतर ढेकळांच्या सावल्या आखडतात आणि वावर सपाट दिसायला लागतं. जागेवर फक्त १५ बाय २० सेंटिमीटरचे छोटे अभ्यास केले, गुआश या अपारदर्शक जलरंगात. त्याआधी पेन्सिलने पाच छटांचा आराखडा: पांढरी, फिकट करडी, मधली, गडद, काळी. पाच छटांत चित्र उभं राहिलं नाही तर रंगानेही राहत नाही, हा माझा अनुभव पक्का आहे. आराखड्याच्या कडेला तिथल्या तिथे नोंदी करायच्या: ओल्या तासात (नांगराच्या सरीत) निळसर काळा, सुकल्या ढेकळावर तपकिरी करडा, आभाळ खाली पिवळट. फोनवरच्या फोटोत हे फरक उरत नाहीत.

प्रिंट काढायच्या आहेत हे याच टप्प्यावर ठरवलेलं बरं, कारण त्यावर कॅनव्हासचं माप ठरतं. २४ बाय ३६ इंच घेतलं. हे प्रमाण दोनास तीन; फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या सेन्सरचंही तेच, त्यामुळे फोटोत पिक्सेल वाया जात नाहीत. प्रिंटवरची प्रतिमा १६ बाय २४ इंच आणि चारी बाजूंनी दोन इंच कोरी कड धरून कागद २० बाय २८. ए २ कागदाचा मोह टाळा. त्याचं प्रमाण वेगळं आहे, एक तर चित्र कापावं लागतं किंवा कडा विषम राहतात.

एप्रिल-मे कॅनव्हासवर गेले. सुती कॅनव्हासला गेसोचे (रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन हात, प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिश पेपर. मातीसाठी ट्यूबमधला काळा वापरला नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून जो काळा मिळतो तो ओल्या तासात निळ्याकडे आणि सुकल्या ढेकळात तपकिरीकडे झुकवता येतो. काळ्या जमिनीचा जीव त्या झुकण्यात आहे. पळसासाठी खाली फिकट पिवळ्याचा थर आणि वर पायरोल ऑरेंज पातळ. ट्यूबवर पिगमेंटचा (मूळ रंगद्रव्याचा) कोड बघून घ्या, पायरोल ऑरेंजचा पीओ ७३. फ्लोरोसंट केशरी दुकानात फार भुरळ घालतो, पण तो उन्हात लवकर उडतो आणि कॅमेरा व छपाईची शाई दोघांच्याही आवाक्याबाहेर असतो. सोनेरी-चंदेरी रंगांचंही तेच.

पारा ४४-४५ वर गेला की अॅक्रिलिक ब्रशवरच वाळतो. रिटार्डर (रंग उशिरा वाळवणारं द्रव्य) मिसळता येतो, पण थोडाच. जास्त झाला की थर कितीतरी दिवस चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते. त्यापेक्षा कूलर खोलीत ओलावा देतो तो कामाचा. फक्त कूलरचा झोत थेट कॅनव्हासवर नको. पसरट डब्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंग पेपर आणि त्यावर रंग ठेवले तर अर्धा दिवस ओले राहतात.

चित्र झालं की लगेच वार्निश करू नका. आधी फोटो. वार्निशची चमक फोटोत पांढरे डाग आणते, ते मागाहून निघत नाहीत.

फोटोचं काम मृग लागण्याआधी, मेच्या शेवटी उरकलं. हिशोब असा: १६ बाय २४ इंचाला ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) ४,८०० बाय ७,२०० पिक्सेल लागतात, म्हणजे साधारण साडेचौतीस मेगापिक्सेल. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडे बहुधा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा असतो, त्याची लांब बाजू ६,००० पिक्सेलची. चित्राभोवती थोडी जागा सोडली की हाती सव्वादोनशे पीपीआय उरतात. चालून जातं, पण ढेकळांचा पोत मऊ पडतो. म्हणून ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा, १०० मिमी मॅक्रो लेन्स आणि दोन एलईडी लाइट दोन दिवसांच्या भाड्याने आणले. भाडं ५,००० रुपयांच्या आसपास, अनामत वेगळी.

मांडणीत तीन गोष्टी बिघडतात. पहिली, कॅमेरा आणि चित्र समांतर नसणं. चित्राच्या मधोमध सपाट आरसा टेकवायचा आणि कॅमेऱ्यातून बघायचं. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी आलं की समांतर झालं. १०० मिमी लेन्सला या मापाच्या चित्रासाठी तीन मीटर अंतर लागतं, घरातली सगळ्यात लांब खोली निवडा. दुसरी, उजेड एकसारखा नसणं. दोन्ही लाइट चित्राशी ४५ अंशांत, सारख्या अंतरावर. चित्राच्या जागी पांढरा कार्डबोर्ड ठेवून एक फोटो काढायचा आणि चारही कोपरे व मध्य यांचे आकडे ताडायचे. हा कोरा फोटो जपून ठेवा, उजेडातला उरलासुरला फरक पुढे त्याच्या आधाराने काढता येतो. तिसरी गोष्ट आपल्या भागातली: व्होल्टेज. शेतीपंप सुरू झाले की घरचा दिवा मंद होतो, तसे हे लाइटही होतात आणि दोन फोटोंत फरक पडतो. लाइट बॅटरीवर चालवा. लाईन गेली तरी काम थांबत नाही.

चमक मारण्यासाठी दोन्ही लाइटवर पोलरायझर फिल्म (चकाकी अडवणारी फिल्म) एकाच दिशेने आणि लेन्सवर पोलरायझर फिल्टर. फिल्टर फिरवत गेलं की एका ठिकाणी चमक नाहीशी होते. पण त्याबरोबर ब्रशच्या फटकाऱ्यांचा उठावही बराच जातो आणि रंग आहे त्याहून गडद दिसतात. म्हणून एक फोटो फिल्मसह, एक फिल्मशिवाय घेतला आणि नंतर दोन्ही मिसळले. आयएसओ सर्वांत कमी, एफ ८, दोन सेकंदांचा टायमर, रॉ (कॅमेऱ्याने न बदललेली मूळ) फाइल. पहिल्या फोटोत चित्राशेजारी २४ चौकोनांचा रंगतक्ता ठेवायचा. आणि हिस्टोग्राम, म्हणजे गडद ते उजळ उजेडाचा आलेख, तिन्ही रंगांचा वेगळा बघायचा. पळसाच्या फुलांत लाल चॅनल इतरांच्या खूप आधी उजव्या भिंतीला धडकतो. एकत्रित हिस्टोग्राम सगळं ठीक असल्याचं दाखवतो आणि फुलांमधला तपशील मात्र गेलेला असतो. एक्स्पोजर लालकडे बघून ठरवलं.

फाइल १६ बिट टिफ, अॅडोबी आरजीबी या रंगपद्धतीमध्ये. आकार २०० एमबीच्या थोडा वर. गावातल्या नेटवर ती रात्री अकरानंतर चढते, दिवसा मध्येच तुटते. पेन ड्राइव्ह कुरिअरने पाठवणं जास्त खात्रीचं.

प्रयोगशाळा निवडताना दरापेक्षा आधी हे विचारा: शाई पिगमेंटची (रंगाच्या कणांची) की डायची (विरघळलेल्या रंगाची)? कागदाचं नेमकं नाव आणि जाडी काय? कागदात उजळपणासाठी रसायन घातलेलं आहे का? त्या कागदाचा आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात हे सांगणारी फाइल) द्याल का? काम झाल्यावर फाइलचं काय कराल? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याचं उत्तर ईमेलवर लेखी घ्या. डायच्या शाईची प्रिंट पहिल्या दिवशी जास्त चकचकीत दिसते, पण फार लवकर फिकी पडते. मर्यादित आवृत्तीला ती चालत नाही. कागद घेतला १०० टक्के कॉटनचा, मॅट (बिनचमकीचा), ३०८ जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम). बरायटा या चकाकणाऱ्या फोटो कागदावर काळा जास्त खोल येतो: त्याची घनता, म्हणजे काळेपणाचं माप, २.२ च्या वर जाते, मॅट कॉटनवर १.६-१.७ च्या पुढे जात नाही. तरी मॅटच घेतला, कारण नांगरलेल्या मातीला चकाकी नसते आणि बरायटावर ती ओल्या डांबरासारखी दिसत होती.

पूर्ण प्रूफ (पसंतीसाठीची नमुना प्रिंट) काढण्याआधी पट्ट्या काढून घ्या. चित्रातले अवघड भाग कापून ४ बाय १२ इंचाच्या पट्टीवर छापायचे: फुलांचा घोस, ओला तास आणि आभाळाचा खालचा पिवळट उतार. पट्टीला २५० रुपये. छापून, कुरिअरने तालुक्याला येऊन हातात पडायला आठवडा ते दहा दिवस. हा काळ प्रत्येक दुरुस्तीला पुन्हा लागतो हे धरूनच वेळापत्रक करा. पट्टी आल्या आल्या निकाल देऊ नये. मॅट कागदावर पिगमेंट पूर्ण वाळून रंग स्थिरावायला एक दिवस द्यावा. मग मूळ चित्राशेजारी, उत्तरेच्या ओसरीत, सकाळी दहाच्या सुमारास बघायची. तीच पट्टी रात्री घरच्या एलईडीखालीही बघायची, कारण घेणाऱ्याच्या घरी ती बहुधा तशीच दिसणार.

पहिल्या पट्ट्यांत माती एकच काळी चादर झाली होती आणि पळस विटकरी. दोन्हींची कारणं वेगळी. मातीचं कारण कागदाच्या घनतेचं: चित्रातल्या सर्वांत गडद चार-पाच छटा कागदाला वेगळ्या दाखवता येत नाहीत, त्या एकत्र बुडतात. उपाय असा की अगदी काळा कागदाच्या मर्यादेवर ठेवायचा आणि त्याच्या लगतच्या गडद छटा संगणकावर कर्व्हने (छटा उजळ-गडद करायच्या साधनाने) थोड्या वर उचलायच्या, म्हणजे त्यांच्यात अंतर पडतं. मातीचा एकूण उजेड वाढवला तर सकाळचं वावर दुपारचं होतं, तो मार्ग नाही. पळसाचं कारण शाईच्या आवाक्याचं. तो केशरी त्या कागदावर त्या शाईला गाठताच येत नाही, कितीही सॅच्युरेशन वाढवा. उलट वाढवल्याने पाकळ्यांमधले भेद मिटतात. तिथे चित्रकाराची नजरच कामी येते. केशरी होता तितकाच ठेवला आणि भोवतालच्या फांद्यांचा तपकिरी आणि मागच्या गवताचा पिवळा जरा मवाळ केला. शेजारी शांत झाले की तोच केशरी पेटलेला दिसतो. कॅनव्हासवर आपण हेच करतो, प्रिंटमध्ये ते पुन्हा करावं लागतं. प्रिंट ही चित्राची नक्कल करायची नसून कागदावर तेच चित्र पुन्हा उभं करायचं आहे, असं धरून चाललं की हे निर्णय सोपे जातात.

आणखी एक: संगणकावर दिसतं त्यापेक्षा प्रिंट नेहमी काळपट येते, अशी तक्रार ऐकू येते. बहुतेक वेळा कारण पडद्याचा प्रखर उजेड असतो. पडदा ८० ते १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटर इतका उतरवला की तक्रार बरीचशी जाते.

या सगळ्यात पावसाळा आला, आणि पावसाळ्यात आवृत्ती छापून गावात आणणं शहाणपणाचं नाही. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कॉटनचा कागद ओलावा पितो, लाटा येतात, बुरशी लागते. हा काळ कागदपत्रांना दिला.

कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही. चित्र निर्माण होताच हक्क चित्रकाराचा असतो आणि तो हयातभर व नंतर ६० वर्षं टिकतो. पण वाद झालाच तर नोंदणी पुरावा म्हणून उभी राहते. अर्ज ऑनलाइन, नमुना १४. कलाकृतीला फी ५०० रुपये, मात्र ती एखाद्या मालावर वापरायची असेल तर २,०००. सोबत तपशीलपत्रक, अधिकचं तपशीलपत्रक, चित्राची प्रत आणि ओळखपत्र. अर्ज गेला की डायरी नंबर मिळतो आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. छाननी त्यानंतर, आणि तिला महिने लागतात. पोर्टलवर डायरी नंबर टाकून स्थिती बघता येते.

कायद्यातल्या दोन गोष्टी प्रत्येक चित्रकाराने लक्षात ठेवाव्यात. मूळ चित्र विकलं म्हणून कॉपीराइट विकला जात नाही. तो द्यायचा तर लेखी करार लागतो. मूळ चित्राच्या बिलावर "पुनर्मुद्रणाचे हक्क चित्रकाराकडे" ही ओळ घालाच. मात्र कुणी पैसे देऊन चित्र काढून घेतलं असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिला हक्क त्याचा, चित्रकाराचा नाही. अशा चित्राच्या प्रिंट काढायच्या असतील तर काम हाती घेतानाच लिहून घ्या.

विक्रीसाठी उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी) आधारवरून घरबसल्या होते आणि मोफत आहे. सेतूच्या आसपास कुणी त्याचे हजार रुपये मागितले तर देऊ नका. जीएसटीचं जरा नीट समजून घ्या. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणीची गरज नाही, पण राज्याबाहेर माल विकला की ही सवलत सर्वसाधारणपणे लागू होत नाही; हस्तकलेच्या वस्तूंना वेगळी सूट आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मूळ चित्रं आणि मूळ मुद्राचित्रं यांवरचा दर १२ वरून ५ टक्के झाला. मूळ मुद्राचित्र म्हणजे कलावंताने स्वतः हाताने केलेल्या ठशावरून थेट काढलेला ठसा. यांत्रिक किंवा फोटोयांत्रिक छपाई त्यातून स्पष्टपणे वगळलेली आहे. फाइलवरून काढलेली आपली प्रिंट त्यात बसत नाही. ती कोणत्या शीर्षाखाली दाखवायची हे पहिलं बिल फाडण्याआधी सीएकडून ठरवून घ्या. घेणाऱ्यालाही तिला मूळ मुद्राचित्र म्हणून सांगू नये. "मूळ अॅक्रिलिक चित्रावरून पिगमेंट प्रिंट" हे शब्द खरे आहेत आणि पुरेसे आहेत.

दसऱ्यानंतर पूर्ण मापाचं प्रूफ मागवलं. ते पसंत पडल्यावर त्यावर सही-तारीख घालून परत पाठवलं. पुढची प्रत्येक प्रिंट त्याच्याशी ताडून बघायची असं ठरलं. मध्येच निरोप आला, त्या कागदाचा रोल संपला आहे, दुसऱ्या कंपनीचा चालेल का. प्रोफाइल, काळ्याची घनता आणि कागदाचा पांढरेपणा सगळंच बदललं असतं, म्हणून थांबायचं ठरवलं. तीन आठवडे गेले. दिवाळी हातची गेल्याचं वाईट वाटलं, पण दुसऱ्या कागदावर सगळी पट्ट्यांची वाट पुन्हा चालावी लागली असती.

वीस प्रिंट आणि दोन चित्रकाराच्या प्रती (वीसच्या मोजणीबाहेरच्या, स्वतःकडे ठेवायच्या), सगळ्या एकाच रोलवर, एकाच वेळी छापून घेतल्या. लागतील तशा छापल्या तर पैसा अडकत नाही, हे खरं. पण वर्षभरात मशीनचं हेड बदलतं, शाईचा संच बदलतो, आणि तिसरी व तेरावी प्रिंट शेजारी ठेवली की फरक दिसतो. एका प्रिंटला १,९५० रुपये, बावीसचे ४२,९००. एवढी रक्कम एकदम नसेल तर आवृत्तीच दहाची करा.

सही पेन्सिलने, एचबी किंवा २बी. शाई पसरते आणि उडते, ग्रॅफाइट टिकतं. प्रतिमेखाली डावीकडे क्रमांक ७/२० असा, मध्ये शीर्षक, उजवीकडे सही. चित्रकाराच्या प्रतींवर ए/पी. हात कोरडे हवेत. मॅट कागदावर घामाचं बोट कायमचं बसतं. धूळ पुसायची नाही, मऊ ब्रशने झटकायची, कारण कपड्याने काळ्या भागावर पांढुरका ओरखडा उठतो. कोपऱ्यात उठावाचा शिक्का उमटवला. तो करून घ्यायला हजार-दीड हजार लागतात.

प्रमाणपत्रावर चित्राचं वर्ष आणि छपाईचं वर्ष दोन्ही, प्रतिमेचं व कागदाचं माप, कागद आणि शाई, एकूण संख्या, ए/पी किती, आणि याच चित्राची दुसऱ्या मापात आवृत्ती निघणार की नाही हेसुद्धा. ते आज लिहिलं नाही तर उद्या मोठ्या मापाच्या पन्नास काढायची वाट उघडी राहते आणि पहिल्या वीस घेणाऱ्यांची ती फसवणूक होते. नोंदवहीत क्रमांक, घेणाऱ्याचं नाव, तारीख, किंमत, पोस्टाची पावती. वाटेत प्रिंट खराब झाली तर ती परत आल्याशिवाय, किंवा चार तुकडे केल्याचा फोटो आल्याशिवाय त्याच क्रमांकाची दुसरी द्यायची नाही, आणि दिली तर वहीत तसं लिहायचं.

किंमत ६,००० ठेवली. छपाई १,९५०, फोटो, पट्ट्या आणि प्रूफ यांचा वाटा साधारण ५००, पॅकिंग आणि पोस्ट ४०० च्या आसपास. शेवटच्या पाच प्रिंटची किंमत ८,००० असेल, हे पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं.

पॅकिंगला क्राफ्ट कागदाच्या जाड नळ्या नागपूरहून आणाव्या लागतात आणि वाटेत चेपतात. त्याऐवजी पाइपच्या दुकानात मिळणारा ११० मिमीचा पातळ पीव्हीसी पाइप २४ इंच कापून घ्या, दोन्ही टोकांना झाकणं. वजनामुळे पोस्टाला थोडं जास्त पडतं, पण कोपरा मोडलेली एकही प्रिंट परत आलेली नाही. पाइप आतून धुऊन पूर्ण वाळवायचा. प्रतिमेवर ग्लासीन (गुळगुळीत, पातळ) कागद, मग २० इंचाची बाजू पाइपच्या लांबीला येईल अशी सैल गुंडाळी. प्रिंटला चिकटपट्टी कुठेही लावायची नाही.

घरी ठेवलेल्या प्रिंट सपाट, प्रत्येकीमध्ये ग्लासीन, वर-खाली प्लाय, आणि जमिनीपासून फूटभर उंच. वाळवी आणि कसर दोन्हींना कॉटन आवडतं. सिलिका जेलच्या पुड्या दर पावसाळ्याआधी बदलायच्या.

घेणाऱ्याला सोबत एक चिठ्ठी जाते, ती फ्रेमवाल्याला दाखवण्यासाठी. तालुक्याचे फ्रेमवाले सवयीने प्रिंट खळीने हार्डबोर्डवर चिकटवतात किंवा लॅमिनेट करून देतात. दोन्हींनी प्रिंट कायमची जाते. चिठ्ठीत लिहिलं आहे: नळीतून काढून दोन दिवस स्वच्छ कागदाखाली वजन ठेवून सपाट करा, फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी पातळ जपानी कागदाच्या पट्टीने टांगा, आम्लविरहित माउंट वापरून काच आणि प्रिंट यांच्यात अंतर ठेवा, आणि पश्चिमेच्या उन्हाची भिंत टाळा.